दहाव्याच्या घाटावरचं आश्वासन

१२ जून

कार्यअहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. मुखपृष्ठावर मी विधानभवनाच्या पायऱ्यांवर हात उंचावून उभा. (खरं तर तो हात ड्रायव्हरला ‘गाडी पुढं घे’ म्हणून केला होता. फोटोत जनतेला केल्यासारखा आलाय. असू दे.) आत अर्थसंकल्पी अधिवेशनात मी जे केलं ते सगळं आहे : विचारलेले प्रश्न, मांडलेल्या लक्षवेधी, एका विधेयकावरचं भाषण.

निवडणुकीत मी शब्द दिला होता, ‘तिकडं मुंबईत काय करतो ते दर वेळी इथं येऊन सांगीन.’ असा शब्द द्या म्हणून कुणी मागं लागलं नव्हतं. समोरचा उमेदवार पाणी, रस्ते, दवाखाना सगळं देऊन बसला होता, तेव्हा म्हटलं आपण काहीतरी बिनखर्चाचं द्यावं.

संध्याकाळी चाकणच्या पेठेत भेळ घेतली. पुडी उलगडली तर आत मीच, विधेयकावर बोलताना. चिंचेचं पाणी नेमकं दुसऱ्या मुद्द्यावर सांडलेलं. भेळवाला म्हणाला, “कागद लय भारी हाय भाऊ, तेल पाझरत न्हाई. अजून गठ्ठे असतील तर धाडा.”

हे जयदीपला सांगितलं. जयदीप म्हणजे माझा प्रसिद्धीचं काम बघणारा पोरगा, वाकडला सतराव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, “साहेब, लोकांच्या हातात तर पोचतोय ना?”

१६ जून

पिंपळदऱ्यात माहिती सभा. मारुतीपुढं मांडव, खुर्च्या, भैरू साउंडवाल्याचा भोंगा, सगळा थाट. आले किती? गावकीतले दोन जुने लोक, खुर्च्यावाला (त्याला खुर्च्या परत न्यायच्या होत्या) आणि कोंडाजी.

कोंडाजी पुढच्याच खुर्चीत बसला आणि सगळं ऐकलं. मग म्हणाला, “तिकडलं झालं. आता फाट्याचं काय ते बोला.”

पिंपळदरा फाट्याचं दुखणं मला पाठ आहे. गाव हमरस्त्याच्या अलीकडं. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या गावाच्या बाजूनंच बायकांना उचलतात. परतताना मात्र त्याच गाड्या पलीकडच्या बाजूला सोडतात, कारण अलीकडं यायचं तर पार पुढं जाऊन वळसा घालावा लागतो. मग पहिली पाळी सुटली की साडेतीनच्या सुमाराला डबे-पिशव्या घेऊन पोरीबाळी त्या रस्त्यात उतरतात. कांद्याचे ट्रक, नव्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर, मधून सुसाट दुचाकी. कोंडाजी रोज तिथं जातो, बायकोच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं हालवतो, ट्रक थांबवतो आणि बायकांना अलीकडं आणतो. त्याची नात दिपालीही त्यात असते. ती कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते.

“इतक्या वर्सांत एक बी अपघात न्हाई,” तो म्हणाला. “पर माझं किती दिस ऱ्हायल्यात? तिथं माणसं जायाचा पूल पायजे.”

मी म्हणालो, “कोंडाजी, येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकलाच म्हणून समजा.”

“प्रश्न मला बी हाय की. तुमी उत्तर आणा.”

खुर्च्यावाला हसला. असल्या हसण्यातून गाव कळतं. मी मूळचा बसवाला. क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, मग एका मोडक्या बसचा मालक. आज आमच्या बसगाड्या चाकणच्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण करतात, धंदा पोरगा दिग्विजय बघतो. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून मी बिघाड सांगतो आणि माणसाचंही तसंच. खुर्च्यावाल्याच्या हसण्यात मला माझ्याविषयी आपुलकी ऐकू आली.

२० जून

जयदीपच्या सल्ल्यानं व्हॉट्सॲपवर माझ्या आवाजात संदेश सुरू केले. आज रिक्षात बसलो तर रिक्षावाला माझाच संदेश ऐकत होता, पण दुप्पट वेगानं. त्या वेगात मी पाचवीतल्या पोरासारखा वाटतो. निम्म्यावर त्यानं तो बंद केला. म्हणजे निम्मे मुद्दे पोचले.

२५ जून

आज मार्ग सापडला!

एका माजी सरपंचाचा दहावा होता. आमच्या भागात दहावा म्हणजे नदीकाठच्या घाटावर पंचक्रोशी गोळा होते. आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. पिंड मांडलेले असतात, आणि त्यांना कावळा शिवेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. हललं तर मयताचा अपमान. ग्रामसभेला जो माणूस फिरकत नाही तो दहाव्याला येतोच, मांडी घालून बसतो, आणि मुख्य म्हणजे उठून जाऊ शकत नाही.

श्रद्धांजलीसाठी माझं नाव पुकारलं. समोर एवढी गर्दी, एवढी शांतता. मी म्हणालो, “आबा आज असते तर त्यांनी पहिला प्रश्न केला असता, ‘आमदार, अधिवेशनात काय झालं?’” आणि सांगत सुटलो.

मागं कुणीतरी पुटपुटलं, “आबांनी जन्मात असलं काय इचारलं न्हाई.”

दुसरा म्हणाला, “गप रं. मेल्यावर माणूस सुधारतो.”

कावळा बराच उशिरा शिवला. आबांनाही शेवटपर्यंत ऐकायचं होतं असं मला वाटतं.

३ जुलै

पावसाळी अधिवेशन चालू आहे. सकाळी दहावा, मग गाडीत बसून मुंबई. जयदीपनं महिन्याचं वेळापत्रक केलंय, त्यात कुणाचा दहावा कुठं आणि तिथं कुठला विषय सांगायचा हे मांडलंय. शेतकरी गेला असेल तर पणन विधेयक, कामगार असेल तर कामगार संहिता. भैरूला मी स्वतः एक सूचना केली : भोंगा पिंडांच्या नेमका वर, झाडाच्या फांदीला बांध. आता आवाज नदीपल्याडही जातो.

कस्तुरा (म्हणजे आमची मंडळी) जेवताना म्हणाली, “अहो, कुणी आजारी पडलं की तुमचा जयदीप चौकशीला फोन करतोय म्हणे. लोक म्हणत्यात, आमदाराला कळवू नका, अजून जिता हाय.”

मी म्हणालो, “लोकांना माझा आधार वाटतो.”

हल्ली एक मात्र होतंय. तीन घरांनी मला साडेआठची वेळ दिली आणि गेलो तर सगळं उरकून लोक चहा पीत होते. दुःखात माणसाचा गोंधळ होतो.

६ जुलै

कोंडाजी गेला. देवपूजा करून उठला, खांबाला टेकला आणि गेला. वाईट वाटलं. एकच माणूस माझी सभा शेवटपर्यंत बसून ऐकायचा.

१५ जुलै

आजचं सविस्तर लिहून ठेवतो.

कोंडाजीचा दहावा. त्याची बायको सोजराबाई, मुलगा, नात दिपाली, अख्खं गाव. पोचलो तेव्हा भैरू भोंगा बांधत होता. प्रवचनकार म्हणाले, “अरे बाबा, फांदीवर नको, बाजूला लाव.” तर सोजराबाईच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या म्हाराज. आमदारांचं बोलणं नीट ऐकू आलं पायजे.” बाई अडाणी असली तरी कामकाजाचं महत्त्व तिला कळतं. भैरू तिचा सख्खा भाचा आहे, हे मला आजच समजलं.

मी बोललो. नंतर सगळे कावळ्याची वाट बघत बसले. पलीकडच्या बाभळीवर कावळे ढिगानं होते, पण एकही इकडं फिरकेना. भैरूनं मधल्या वेळात भोंग्यावर अभंग लावले. तरी नाही. मुलगा पिंडापुढं हात जोडून म्हणाला, “दादा, आईला अंतर देणार न्हाई.” नाही. भाऊबंदांतला एकजण म्हणाला, “बांधाचा वाद मिटवतो.” नाही. ऊन डोक्यावर आलं. माणसं घड्याळाकडं बघायला लागली. पहिल्या पाळीवाल्यांचा अर्धा दिवस तसाही बुडालाच होता.

मग सोजराबाई उठली आणि मला म्हणाली, “आमदार, तुमीच बोला. त्यांचा जीव त्या फाट्यात अडकलाय.”

सगळ्या माना माझ्याकडं. मी माइक घेतला. “पुलाच्या मागणीचा आम्ही पाठपुरावा करू.”

कावळे बाभळीवरच.

“शासन याबाबत सकारात्मक विचार करील.”

एक कावळा उडाला आणि लांब गेला.

“प्रस्ताव मार्गी लावण्याचा निश्चित प्रयत्न...”

मागून कुणीतरी म्हणालं, “सायेब, तो कावळा हाय, पत्रकार न्हाई!” दुःखाच्या घाटावर माणसं तोंडात पदर-उपरणं कोंबून हसली.

घामानं सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी म्हणून गेलो, “पितृपंधरवड्याच्या आत पुलाची मंजुरी आणून देतो! हा माझा कोंडाजीला शब्द!”

“समद्यांनी ऐकलं ना?” सोजराबाई म्हणाली. मग तिनं भैरूकडं बघून मान हलवली, भैरूनं मशीन बंद केलं, आणि सगळीकडं सामसूम झाली. पळभर वेळ गेला असेल नसेल, दोन कावळे आले आणि पिंडावर बसले.

अंगावर काटा आला. विरोधी पक्षाचेही लोक हात जोडून उभे होते. सभागृहात मी इतकी आश्वासनं ऐकली, पण आश्वासनाचा असा रोकडा परिणाम कुठं पाहिला नाही.

घरी सांगितलं तर कस्तुरा म्हणाली, “भोंगा बंद केला म्हणून आले कावळे.” हिला श्रद्धेतलं काही कळत नाही.

१८ जुलै

माझ्या प्रश्नाचं उत्तर छापून आलं.

‘पिंपळदरा फाटा येथे महिला कामगारांना जीव धोक्यात घालून रस्ता ओलांडावा लागतो, हे खरे आहे काय?’ — हे खरे नाही.

‘असल्यास, तेथे पादचारी पूल केव्हा बांधण्यात येईल?’ — प्रश्न उद्भवत नाही.

संबंधित खात्याच्या एका अधिकाऱ्याला बाहेर गाठलं. माणूस सज्जन, आवाज मऊ. म्हणाला, “साहेब, आम्ही नोंदी बघतो. ज्या जागी ठरावीक संख्येनं अपघात आणि मृत्यू झालेत तिथंच निधी मिळतो. तुमच्या फाट्यावर शून्य.”

“शून्य आहे, कारण तिथं एक म्हातारा रोज फडकं घेऊन उभा राहायचा.”

त्याला खरंच हळहळ वाटली. “अरेरे! तो नसता तर तुमचा पूल एव्हाना झाला असता.”

५ ऑगस्ट

पिंपळदऱ्यात गेलो. दुपारी साडेतीनला फाट्यावर आता सोजराबाई उभी असते. गुडघे धरून चालते, एका ट्रकला थांबवेपर्यंत दुसरा निसटतो. दिपालीचा बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, परवा ट्रेलरनं पोरीची ओढणी ओढून नेली. ओढणीच गेली म्हणून वाचली. दसऱ्यापर्यंत वाट बघतो. पूल न्हाई झाला तर नोकरी बंद, पोरगी उजवून टाकतो. म्हातारीला बी किती दिस उभं करू?”

दिपाली मागंच उभी होती. म्हणाली, “पप्पा, मला लाइन लीडर केलंय गेल्याच महिन्यात. माझ्या हाताखाली बारा जणी हायत.”

“बारा असू देत न्हाई तर बाराशे. रस्ता तुला एकटीलाच वलांडायचाय.”

मग ती पोरगी माझ्याकडं वळली. “साहेब, आमची बस तुमचीच हाय ना? तुमच्याच नावाची पाटी हाय पुढं. ती जरा पुढून वळून गावाच्या बाजूनं सोडली तर आमाला पूल कशाला पायजे?”

लहान मुलांचं असं असतं. विषय राज्याचा असतो आणि ती बसवर नेऊन ठेवतात.

६ ऑगस्ट

तरी दिग्विजयला विचारलं. तो म्हणाला, “पप्पा, वळसा घातला तर पुढची ट्रिप बोंबलते. तिथल्या जाममध्ये गाडी अडकली की गेली. डिझेल काय सरकार देणार आहे? तुम्हीच हा रूट बसवलाय, ‘फाट्यावर सोड, वळसा वाचव’ म्हणून.”

हे खरं आहे. तेव्हा मी आमदार नव्हतो.

यावर शांतपणे विचार केला. बस वळवली तर बायका रस्ता ओलांडणार नाहीत. ओलांडल्या नाहीत तर पुलाची गरज संपेल. मग मी कोंडाजीला दिलेल्या शब्दाचं काय? मंजुरी कशाची आणू? लोकशाहीत मागणी जिवंत ठेवावी लागते. हे कस्तुराला समजावून सांगितलं.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, “बरंय. मागणी जिती ठेवा, पोरी मरू द्या.”

भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापली असं वाटलं. माझे कान तिखट आहेत.

२८ ऑगस्ट

यश! चार अर्ज, दोन भेटी आणि एका नारळाच्या करंडीनंतर खात्याचं पथक प्रत्यक्ष पाहणीला आलं. जयदीपनं आदल्या दिवशीच फ्लेक्स लावला : ‘आमदारांच्या पाठपुराव्याला यश! पिंपळदरा फाट्याची पाहणी!’

पथक सकाळी अकराला आलं. रस्ता मोजला, खांब मोजले, फोटो काढले. भैरूच्या घरी पिठलं-भाकरी, ठेचा. पाहुणे खूश. अडीचला सुपारी चघळत निघाले. सोजराबाई म्हणाली, “साडेतीनपातूर थांबा की. पोरी येतील.” पण त्यांना पुढं दुसरी पाहणी होती. मीही म्हणालो, “आजी, मोठी माणसं आहेत, त्यांना एवढं नजरेनं कळतं.”

१० सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. आणि खात्याचं पत्रही आलं. उतरवून ठेवतो, कारण एका दमात विश्वास बसत नाही :

‘प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी सदर ठिकाणी एकही महिला रस्ता ओलांडताना आढळून आली नाही. सबब पादचारी पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.’

जयदीप म्हणाला, “साहेब, पत्राचं उत्तर आलं हेच यश आहे. फ्लेक्स करू? ‘शासनाकडून लेखी उत्तर मिळवणारे पहिले आमदार.’”

कोंडाजीची तिथी सोळाला. सोजराबाईनं जेवायचं बोलावणं पाठवलंय. निरोप आणणारा म्हणाला, “म्हातारीनं सांगितलंय, मंजुरी घेऊनच या म्हनावं.” मला त्या दिवशी मुंबईत काम निघू शकतं. पक्षाच्या कुठल्यातरी बैठकीत मी असायलाच हवा.

कस्तुरा म्हणाली, “जा मुंबईला. मी जाते पिंपळदऱ्याला. विचारलं कुणी, तर सांगीन आमदार साहेब कावळ्याला घाबरून पळाले.”

१३ सप्टेंबर

तोड सापडली. बस धंद्यात एक नियम आहे, गाडी बंद पडली की प्रवाशांच्या आधी आपणच गाडी बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालायच्या. सोळाला फाट्यावर जायचं, बायका उतरतात त्याच वेळी. भैरूचा भोंगा लावायचा आणि खात्याचं पत्र शब्दन्‌शब्द वाचून दाखवायचं. लोक भडकतील, पण खात्यावर. माझी बाजू सुरक्षित. शिवाय माहिती देण्याचा शब्दही पाळला जातो.

१६ सप्टेंबर

तिथीचं जेवलो. खीर-वडे उत्तम. सोजराबाईनं वाढताना एकदाही मंजुरीचं नाव काढलं नाही. सव्वातीनला सगळे फाट्यावर. भैरूनं विजेच्या खांबाला भोंगा बांधला. गावातून माणसं आली, दुकानातली उठून आली, बघता बघता गर्दी रस्त्यावर सांडली.

पलीकडं आमची बस थांबली. पाठोपाठ दुसऱ्या कंपन्यांच्या आणखी बसगाड्या. बायका उतरल्या, कडेला ओळीनं थबकल्या.

मी सभागृहातला आवाज लावला. “माननीय नागरिक हो! आपल्या मागणीवर शासनाचं उत्तर मी आपणासमोर सादर करतो...”

कांद्याचा एक ट्रक गर्दी बघून कचकन थांबला. त्याच्यामागं ट्रेलर. त्यामागं रांग. पहिला ड्रायव्हर खिडकीतून मागच्याला ओरडला, “नेताजी का भाषण है! इंजन बंद कर, टैम लगेगा!”

मी वाचत होतो, “प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी सदर ठिकाणी... एकही महिला... रस्ता ओलांडताना... आढळून आली नाही.”

आणि समोरून महिला रस्ता ओलांडत होत्या. डबे, पिशव्या, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. एकामागून एक, थांबलेल्या ट्रकांच्या तोंडापुढून, निवांत. एकीनं तर मधोमध उभं राहून चपलेचा बंद लावला.

पहिल्यांदा सोजराबाई हसली. मग भैरू. मग ट्रकवाल्यासकट अख्खा रस्ता.

मी पत्राच्या शेवटाला आलो, ‘आपला विश्वासू’ एवढंच राहिलं. एवढ्यात दिपाली रस्त्याच्या मधून ओरडली, “साहेब, थांबू नका! परत पयल्यापासून वाचा! मागच्या बसच्या बायका राहिल्यात!”

मी परत पहिल्यापासून वाचलं.

सगळ्या पोचल्यावर सोजराबाई जवळ आली. ती मंजुरीचं विचारणार म्हणून मी तयारीत होतो. पण ती म्हणाली, “आमदार, उद्या काय वाचणार?”

“उद्या?”

“पोरी उद्या बी येणार हायत की. तुमी बोलला की गाड्या उभ्या ऱ्हात्यात. त्यांच्या फडक्यानं एक थांबायची, तुमच्या भोंग्यानं मैलभर थांबल्या. पूल हुईस्तवर या रोज.”

मला वाटलं चेष्टा आहे. कान देऊन ऐकलं. चेष्टा नव्हती.

१९ सप्टेंबर

चौथा दिवस. पत्र घडीवर फाटलं, म्हणून आज सहकार कायद्यातली दुरुस्ती वाचली. कलम दोनला आमची बस, कलम पाचला शेवटची बाई अलीकडं. इतकं नेमकं कामकाज मी सभागृहात पाहिलेलं नाही.

पक्षाच्या वरिष्ठांचा फोन आला. “किसनराव, आपण सत्तेत आहोत. सत्तेत असून रस्ता अडवता?”

“अडवत नाही साहेब. मतदारांना कामकाजाची माहिती देतोय.”

“मग कुठं सभागृहात, हॉलमध्ये द्या ना!”

“तिथं कुणी येत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “गर्दी किती असते?” खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “अधूनमधून पक्षाचंही नाव घेत जा.”

पोलीस चौकीतूनही साहेब आले होते. आधी आवाज चढवला. मग साडेतीन वाजले, बायका उतरल्या. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि रांगेतल्या एका दुचाकीवाल्यालाच दम दिला, “आमदार बोलतायत, दिसत न्हाई का?”

२४ सप्टेंबर

सकाळी दिग्विजय माझ्यासमोर चाव्यांचा जुडगा आपटून म्हणाला, “पप्पा, बास झालं! तुमच्या भाषणाच्या जाममध्ये आपल्याच गाड्या अडकतायत. दुसऱ्या पाळीची माणसं रोज उशिरा पोचतायत, कंपनीवाले कॉन्ट्रॅक्ट काढून घेतो म्हणतायत. आजपासून मी गाड्या पुढून वळवतो आणि गावाच्या बाजूनं सोडतो. जाऊ दे डिझेल!”

पोराला अक्कल आली. संस्कार वाया जात नाहीत.

दुपारी आमची बस अलीकडं थांबली. दिपाली गावाच्या मातीत उतरली, सरळ घराकडं निघाली. तिचा बाप पानटपरीवर उभा होता. तिला बघून नुसता म्हणाला, “आलीस?” आणि पोरीनंही नुसतं “व्हय” म्हटलं. टपरीवाल्याला तो म्हणाला, “लाइन लीडर हाय ती. बारा जणी असत्यात हाताखाली.” हे त्यानं दोनदा सांगितलं.

मी भैरूला म्हणालो, “चल, काढ भोंगा. मिटलं काम.”

सोजराबाई खांबाला टेकून बसली होती. “कशाचं मिटलं? तुमची बस वळली. पलीकडं बगा.”

पलीकडं दुसऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबल्या होत्या. आमच्या बसमधल्याइतक्याच बायका, तशाच ओळीनं, कडेला थबकलेल्या. त्या ट्रककडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

“त्यांच्या मालकांच्या गाड्या बी अडकू द्या की रोज,” म्हातारी म्हणाली. “तुमच्या पोराला अक्कल यायला आठ दिस लागले. त्यांना बी येईल.”

मी जे हाताला लागलं ते वाचायला सुरुवात केली.

घरी आल्यावर जयदीपला विधानसभेच्या छापील कार्यवाहीचे खंड काढायला सांगितले. तो म्हणाला, “साहेब, छोटं काहीतरी देऊ? दोन पानांचं?”

छोटं नको. उद्या दोन कंपन्या एकदमच सुटतात, रांग लांब असते. पुरवणी मागण्यांवरची चर्चा घेतो. ती आजवर कुणी वेळेत संपवलेली नाही.